सलाईनच्या बाटलीत किती पोळ्या?

ऑपरेशन होऊन दुसरा दिवस. भेटायला आलेला माणूस आधी पेशंटकडे बघतो, मग खाटेशेजारच्या स्टँडकडे. "काही खायला दिलंय का?" "नाही, अजून सलाईनवर आहेत." "मग हरकत नाही, ताकद मिळत राहते," असं म्हणून तो शहाळ्याची पिशवी कपाटावर ठेवतो आणि खुर्ची ओढून बसतो.

ही ताकद नेमकी किती, ते आपण मोजूनच बघू. बाटली नुसत्या मिठाच्या सलाईनची असेल तर तिच्यात ऊर्जा शून्य. पाच टक्के डेक्स्ट्रोजची, म्हणजे साखर घातलेली अर्ध्या लिटरची बाटली असेल तर तिच्यात पंचवीस ग्रॅम साखर. ग्रॅमला चार कॅलरी धरल्या तर झाल्या शंभर. म्हणजे तूप न लावलेला एक फुलका. दिवसभरात अशा चार बाटल्या गेल्या तरी चार फुलके, आणि प्रथिनांचा एक कणही नाही.

सलाईन लागतं ते पाण्यासाठी, क्षारांसाठी, औषधं शिरेतून देण्यासाठी. ते जेवण नव्हे. इकडे शरीराचा खर्च मात्र ऑपरेशननंतर वाढलेला असतो. जमा जवळपास बंद आणि खर्च चढा, अशा घरात मधला फरक कुठून तरी भरून काढावा लागतो. शरीर तो स्नायूंतून काढतं.

या जमाखर्चाला डॉक्टर ऊर्जेचा समतोल म्हणतात. ऑपरेशनची तारीख ठरल्यापासून ते घरी परतेपर्यंत आणि पुढे अवयव प्रत्यारोपण असेल तर वर्षभर, हा हिशोब कसा चालतो आणि कुठे चुकतो, ते टप्प्याटप्प्याने पाहू. इथले आकडे मोठ्या माणसांसाठीचे, सर्वसाधारण आहेत. आपल्या पेशंटचा आकडा त्याचे डॉक्टर आणि आहारतज्ज्ञच ठरवतील. पण तो आकडा विचारायचा असतो, हे आपल्याला माहीत हवं.

पहिला टप्पा : तारीख ठरते तेव्हा

सुरुवात वजनकाट्यापासून करा. आजचं वजन आणि सहा महिन्यांपूर्वीचं वजन, दोन्ही कागदावर लिहा. जुनं वजन आठवत नसेल तर पट्ट्याला पाडलेलं नवं भोक, बोटात गरगर फिरणारी अंगठी, आत घ्यावं लागलेलं ब्लाऊज यांना विचारा.

प्रयत्न न करता सहा महिन्यांत वजन दहा टक्क्यांहून जास्त उतरलं असेल, म्हणजे सत्तर किलोचा माणूस त्रेसष्टच्या खाली आला असेल, तर हे सर्जनना आपणहून सांगा. अंगात ताकद किती उरलीय, हे ऑपरेशनच्या यशापयशाशी थेट जोडलेलं असतं.

हे लक्षात येऊन जवळपास शतक होत आलं. १९३६ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँडचे सर्जन हायरम स्टडली यांनी जठराच्या व्रणासाठी ऑपरेशन केलेल्या रुग्णांचा हिशोब मांडला. ज्यांचं वजन आधीच वीस टक्क्यांहून जास्त घटलं होतं, त्यांच्यात दर तिघांपैकी एक दगावला. बाकीच्यांत हे प्रमाण शंभरात साडेतीन होतं. सर्जन तेच, ऑपरेशन तेच, फरक अंगावरच्या शिल्लकीचा.

म्हणून फार खंगलेल्या माणसाचं मोठं ऑपरेशन शक्य असेल तर सात ते चौदा दिवस पुढे ढकलून आधी त्याला नीट पोसावं, असं आजचे सर्जन मानतात. कॅन्सरचं ऑपरेशन असलं तरीही. "डॉक्टर उगाच वेळ काढताहेत" असं घरच्यांना वाटतं. खरं तर ते ऑपरेशनचाच पहिला भाग करत असतात.

इथे दोन चुका होतात. पहिली, जाड माणसाला कुपोषित कोण म्हणणार? पण चरबीखाली स्नायू झिजलेले असू शकतात. खुर्चीच्या हातांचा आधार न घेता उठता येतं का, हे वजनापेक्षा जास्त बोलकं असतं. दुसरी, आजाराचं नाव कळल्याबरोबर घरात पथ्यं सुरू होतात. साखर बंद, दूध बंद, गहू बंद, कुणाच्या तरी सांगण्यावरून एकवेळ जेवण. ज्या पंधरवड्यात भरायचं, त्याच पंधरवड्यात कोठार रिकामं केलं जातं.

दुसरा टप्पा : अंदाजपत्रक मांडणं

हिशोब सोपा आहे. मोठ्या ऑपरेशनच्या माणसाला दिवसाला दर किलो वजनामागे पंचवीस ते तीस कॅलरी आणि सुमारे दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या काकांना म्हणजे १५०० ते १८०० कॅलरी आणि ९० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. वजन खूप जास्त असेल तर काट्यावरचं वजन न धरता उंचीला साजेसं वजन धरतात.

कॅलरीचा आकडा ऐकून फारसं कुणी दचकत नाही. दचकवणारा आकडा प्रथिनांचा आहे. धडधाकट माणसाला दर किलोमागे एक ग्रॅमपेक्षाही थोडी कमी प्रथिनं पुरतात. ऑपरेशननंतर ही गरज दीडपटीच्या पुढे जाते, आणि नेमकी तेव्हाच भूक मेलेली असते.

तिसरा टप्पा : आदली रात्र

"रात्री बारानंतर पाणीसुद्धा नाही," हा जुना नियम. त्यामागचं कारण खरं आहे. भूल दिल्यावर घशाची राखण सुटते आणि पोटातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये बाळंतिणींमध्ये हा धोका नोंदवला आणि जगभर उपाशी ठेवण्याची पद्धत घट्ट झाली.

पण पाणी जठरातून लवकर पुढे सरकतं, अन्न रेंगाळतं. त्यामुळे आजचा सर्वसाधारण नियम असा : हलकं जेवण आणि दूध सहा तास आधीपर्यंत, तळकट-जड जेवण त्याहूनही आधी, आणि ज्याच्या आरपार दिसतं असं पातळ, म्हणजे पाणी, दुधाविना चहा, गर नसलेलं सरबत, दोन तास आधीपर्यंत. काही ठिकाणी मुद्दाम साखरेचं पाणी प्यायला देतात, म्हणजे शरीर उपाशीपोटी ऑपरेशनला जात नाही.

चूक कुठे होते? यादीत तिसरा नंबर असतो. आधीचं ऑपरेशन लांबतं. काका रात्री साडेआठला जेवलेले, आणि आत जायला दुपारचे तीन वाजतात. अठरा तास कोरडे. म्हणून आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञांना दोन प्रश्न विचारा : "नंबर साधारण किती वाजता लागेल?" आणि "पाणी किती वाजेपर्यंत चालेल?" वेळ पुढे गेली तर सिस्टरना पुन्हा विचारा.

उलटी चूकही होते. पहाटे डोकं दुखतं म्हणून दुधाचा चहा घोटभर घेतला जातो आणि कुणाला सांगितलं जात नाही. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, अन्नात मोडतो. घेतला असेल तर लपवू नका. मधुमेह, जठर हळू रिकामं होण्याचा त्रास किंवा आतड्यात अडथळा असेल तर नियम वेगळे असतात. तिथे भूलतज्ज्ञ सांगतील तेच.

चौथा टप्पा : आत काय चाललंय

आपण एकादशी करतो तेव्हाही शरीर उपाशीच असतं. मग ऑपरेशननंतरच्या उपासात वेगळं काय?

यकृतात साखरेचा छोटा साठा असतो, सुमारे शंभर ग्रॅमचा. तो साधारण एका दिवसात संपतो. मेंदूला तर रोज सव्वाशे ग्रॅमच्या आसपास साखर लागते. साध्या उपासात शरीर हळूहळू कंजूष होतं : खर्च कमी करतं, चरबी जाळायला घेतं, काही दिवसांनी मेंदूलाही चरबीपासून बनलेल्या इंधनावर चालवतं आणि स्नायूंना हात लावणं कमी करतं.

जखम झालेलं शरीर उधळं होतं. कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन ही ताणाची संप्रेरकं, म्हणजे रक्तातून फिरणारे रासायनिक निरोपे, चढलेली असतात. इन्सुलिनचं कुणी ऐकत नाही, म्हणून मधुमेह नसलेल्याचीही साखर वाढलेली दिसते. चरबीपासून साखर जवळजवळ बनतच नाही, मग स्नायू तोडून त्यांच्या प्रथिनांपासून यकृत साखर तयार करतं. त्याच प्रथिनांतून जखम भरायची असते, जंतूंशी लढणाऱ्या पेशी घडवायच्या असतात.

ग्लासगोचे डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३०च्या सुमारास पायाचं हाड मोडलेल्या रुग्णांची लघवी रोज तपासली. लघवीतून नायट्रोजन भरपूर जात होता, आणि नायट्रोजन जाणं म्हणजे प्रथिनं जाणं. मोडलेल्या जागेतून एवढा ऐवज जाणं शक्यच नव्हतं. सगळ्या अंगाचे स्नायू वितळत होते. पुढे १९४२ मध्ये त्यांनी या प्रकाराच्या दोन अवस्था सांगितल्या, ओहोटी आणि भरती. दुखापतीनंतर आधी सगळं मंदावतं, मग खर्चाची भरती येते.

भरती किती मोठी, ते ऑपरेशनवर अवलंबून. ठरवून केलेल्या, नीट पार पडलेल्या ऑपरेशननंतर ऊर्जेचा खर्च थोडाच वाढतो. जंतुसंसर्ग शरीरभर पसरला तर बराच वाढतो, मोठ्या भाजण्यात सगळ्यात जास्त.

आता हा हिशोब बघा. एक ग्रॅम नायट्रोजन म्हणजे सव्वासहा ग्रॅम प्रथिनं, म्हणजे सुमारे तीस ग्रॅम ओला स्नायू. दिवसाला दहा ग्रॅम नायट्रोजनची तूट आली तर अंगावरून तीनशे ग्रॅम स्नायू गेला. आठवडाभर असं चाललं तर दोन किलो. आणि झिजतात ते फक्त हातापायांचे स्नायू नाहीत, श्वास ओढणारे आणि खोकून कफ बाहेर काढणारेही.

हे काट्यावर दिसत नाही, इथेच फसगत होते. ऑपरेशननंतर अंगात पाणी साठतं. स्नायू उतरत असताना वजन दोन-तीन किलोंनी वाढलेलंही दिसतं. "वजन टिकून आहे" हे ऐकून निर्धास्त होऊ नका.

पाचवा टप्पा : पहिला घोट

"गॅस पास झाला का?" हा प्रश्न पोटाच्या ऑपरेशननंतर वॉर्डात दिवसातून चारदा विचारला जातो. पूर्वी त्याचं उत्तर "हो" येईपर्यंत तोंडाला पाणी लागत नसे.

आतड्याचे भाग मात्र एकाच वेळी जागे होत नाहीत. लहान आतडं काही तासांतच हलायला लागतं, जठर एक-दोन दिवसांत, मोठं आतडं दोन-तीन दिवसांत. गॅस सरतो तो मोठ्या आतड्यातून. त्याची वाट बघणं म्हणजे घरातला सगळ्यात उशिरा उठणारा माणूस उठल्याशिवाय कुणालाच चहा न देणं.

१९९०च्या दशकात डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी ही जुनी शिस्त मोडून दाखवली. उपास कमी, नळ्या कमी, शिरेतून पाणी मोजून, दुखणं नीट आवरलेलं, त्याच दिवशी खाटेवरून उठवणं आणि लवकर खायला देणं. आज अनेक ऑपरेशनांनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घोट-घोट सुरू करतात.

याला अपवाद आहेत. अन्ननलिकेचं ऑपरेशन, टाक्यांतून गळती, आतड्याचा अडथळा, रक्तदाब औषधांवर तोललेला असणं. म्हणून डबा लपवून भरवू नका. विचारा मात्र रोज : "आज तोंडाने काय सुरू करता येईल?" सकाळच्या राउंडला हा प्रश्न विचारला गेला नाही तर उपास सहज आणखी चोवीस तास लांबतो.

सहावा टप्पा : डब्यात काय आहे

आता घरचा डबा उघडू. आजारी माणसासाठी आपल्या मनात "हलकं" अन्न ठरलेलं असतं. त्याचा एक दिवस मोजू : दोन कप चहा, चार बिस्किटं, एक वाटी साबुदाण्याची पेज, दोन वाट्या मऊ भात, त्यावर डाळीचं पाणी, एक शहाळं, एक सफरचंद.

बेरीज सातशे कॅलरींच्या आसपास आणि प्रथिनं जेमतेम बारा ते पंधरा ग्रॅम. काकांना हवी होती पंधराशेच्या वर कॅलरी आणि नव्वद ग्रॅम प्रथिनं. दिवसभर कुणीतरी भरवत होतं, सगळ्यांना समाधान होतं, आणि तरी प्रथिनांच्या गरजेचा सहावा हिस्साही भरला नाही.

साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. शंभर ग्रॅम साबुदाण्यात एक ग्रॅमही प्रथिनं नसतात. डाळीच्या पाण्याचं दुखणं वेगळं. डाळ तळाशी बसते, प्रथिनंही तिच्यासोबत तळाशीच बसतात आणि आपण वरचं पाणी पाजतो. शहाळ्यात पाणी आणि क्षार असतात, स्नायूंसाठी काही नसतं.

मग हलकंही राहील आणि भरीवही होईल असं काय? ढोबळ माप लक्षात ठेवा : एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं, पाव लिटर दुधात आठ, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात, शंभर ग्रॅम पनीरमध्ये अठराच्या आसपास, वाटीभर दह्यात पाच, मूठभर शेंगदाण्यात सात, शिजवलेल्या चिकनच्या शंभर ग्रॅममध्ये पंचवीसच्या पुढे.

पेज करायचीच असेल तर तांदूळ आणि मूगडाळ एकत्र शिजवून, घोटून, वर चमचाभर तूप घाला. दुधात दोन चमचे दुधाची पावडर ढवळा. शिऱ्यात पाण्याऐवजी दूध घाला. भाताशी वरणाचं प्रमाण उलटं करा, भात कमी आणि वरण जास्त. ताक पातळ न करता दही फेटून द्या. मांसाहार चालत असेल तर नुसत्या सूपवर थांबू नका, सूपमधले तुकडे बारीक करून त्यातच ठेवा.

भूक नसताना ताट बघूनच पोट भरतं. तीन ताटांऐवजी सहा वाट्या करा, दर अडीच-तीन तासांनी एक. त्यातून भागत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रथिनांची पावडर. पण पावडर जेवणाच्या जोडीला. जेवण सोडून ती दिली तर हिशोब होता तिथेच राहतो.

आणि चालणं. खाल्लेली प्रथिनं स्नायूंत बसायला स्नायूंनी काम मागावं लागतं. वॉर्डच्या दारापर्यंत चार फेऱ्या, सकाळ-संध्याकाळ, हाही आहाराचाच भाग समजा.

सातवा टप्पा : तोंडाने पुरत नसेल तर

माणूस पाच दिवसांहून जास्त काही खाऊ शकणार नाही असं दिसत असेल, किंवा आठवडाभर गरजेच्या निम्मंही जात नसेल, तर दुसरा मार्ग उघडावा लागतो. यात पहिला नियम एकच : आतडं चालतंय तोवर आतड्यालाच काम द्या.

नाकातून जठरात जाणारी बारीक नळी, किंवा पोटातून थेट आतड्यात बसवलेली नळी, यांतून पातळ आहार देतात. घरी देताना डोक्याकडची बाजू तीस ते पंचेचाळीस अंश उंच ठेवा, नाहीतर अन्न फुप्फुसाकडे जाण्याची भीती. आधी आणि नंतर सुमारे तीस मिलिलिटर साधं पाणी नळीतून सोडा. नळी तुंबते ती बहुधा जाडसर कुटलेल्या गोळ्यांनी आणि न गाळलेल्या मिश्रणाने. मिक्सरमधून काढलेलं अन्न सकाळी करून संध्याकाळपर्यंत बाहेर ठेवू नका, त्यात जंतू वाढतात.

आतडं चालतच नसेल तर शिरेतून संपूर्ण पोषण देतात. त्यात साखर, प्रथिनांचे घटक, स्निग्धांश, क्षार, जीवनसत्त्वं सगळं असतं. ती बाटली आणि आपलं सलाईन दिसायला शेजारी, कामाला मात्र कोसांचं अंतर. स्टॅन्ली डड्रिक यांनी १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात बीगल जातीची पिल्लं केवळ शिरेतून दिलेल्या पोषणावर वाढवून दाखवली आणि हा मार्ग खुला झाला. पण मोठ्या शिरेतली ती नळी जंतूंचं दार ठरू शकते, आणि जरुरीपेक्षा जास्त साखर गेली तर यकृतात चरबी साठते. म्हणून हा शेवटचा मार्ग.

एक धोका घरच्यांना ठाऊकच नसतो. खूप दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला एकदम भरपूर दिलं, नळीतून, शिरेतून किंवा नुसतं तोंडाने, तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने पेशींत ओढलं जातं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांमध्ये हे दिसलं. म्हणून अशा माणसाला आधी बी-वन जीवनसत्त्व देतात, आणि दर किलोमागे दहा कॅलरींपासून हळूहळू वर चढवतात. "एवढंसंच का देताय?" असं विचारण्यापूर्वी हे आठवा.

आठवा टप्पा : प्रत्यारोपणाची वाट बघताना

प्रत्यारोपण, म्हणजे बोलीतलं ट्रान्सप्लांट, हेही मोठं ऑपरेशनच. फरक असा की इथे माणूस आधीच महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं झिजलेला असतो.

किडनीच्या रुग्णाला सुरुवातीला प्रथिनं कमी करायला सांगतात, म्हणजे उरलेल्या किडनीवरचा भार हलका राहतो. डायलिसिस सुरू झालं की नियम उलटतो. प्रत्येक फेरीत काही प्रथिनांचे घटक यंत्रात वाहून जातात, म्हणून दर किलोमागे एक ते सव्वा ग्रॅम प्रथिनं हवी असतात. पण "डाळ बंद" ही पाटी घरातून उतरवायची राहून जाते. डायलिसिस चालू झाल्याच्या दिवशी आहारतज्ज्ञांकडून नवी यादी मागून घ्या. कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि किडनीच्या रुग्णाला तेच घातक.

यकृताच्या रुग्णाची फसगत काटा करतो. पोटात पाणी साठल्याने वजन तेवढंच राहतं, आणि दंड व कानशिलं आत गेलेली असतात. सिरोसिस, म्हणजे यकृत कडक होऊन आक्रसणं, झालेल्या माणसाकडे रात्रीपुरता साखरेचा साठाही उरत नाही. त्याचा एका रात्रीचा उपास निरोग्याच्या दोन-तीन दिवसांच्या उपासासारखा स्नायूंवर पडतो. उपाय साधा आहे : झोपण्यापूर्वी काहीतरी भरीव खाणं. दूध-पोहे, दूध-पोळी, नाचणीची खीर. आणि "यकृत बिघडलंय, प्रथिनं तोडा" ही जुनी समजूत आता मागे पडली आहे. अशा रुग्णाला दर किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम प्रथिनं लागतात.

नववा टप्पा : नवा अवयव घेऊन

पहिले चार-सहा आठवडे हिशोब मोठ्या ऑपरेशनचाच, वर स्टेरॉइडची भर. स्टेरॉइड स्नायू तोडतं, म्हणून किडनी बदललेल्यालाही या काळात दर किलोमागे दीड ग्रॅमच्या जवळपास प्रथिनं लागतात. पुढे घडी बसली की एक ग्रॅमच्या आत.

पाण्याचं तर जगच उलटं होतं. वर्षानुवर्षं दिवसाला लिटरभर पाणी मोजून पिणारा, तहान लागली की बर्फाचा खडा चोखणारा माणूस, त्याला आता सिस्टर सांगते, "काका, प्या, अजून प्या." नवी किडनी लिटरच्या लिटर लघवी करत असते. हात पेल्याकडे जायला दोन दिवस धजावत नाही. त्याला धीर द्या.

मग येते स्टेरॉइडची भूक. रात्री दोनला उठून डबे उघडले जातात. इतकी वर्षं पथ्यात काढलेला माणूस खातोय म्हणून घर आनंदतं, पुरणपोळी होते, श्रीखंड होतं. पण स्टेरॉइड आणि टॅक्रोलिमस, म्हणजे अवयव नाकारला जाऊ नये म्हणून द्यायचं औषध, दोन्ही साखर वाढवतात. आधी कधीच मधुमेह नसलेल्यालाही तो होऊ शकतो. आधी झिजण्याची भीती होती, आता साठण्याची. तिसऱ्या महिन्यापासून ताटात भाजी-कोशिंबीर वाढवा आणि गोड सणापुरतं ठेवा.

टॅक्रोलिमस पोटॅशियमही वाढवू शकतं. "नवी किडनी बसली, आता शहाळं चालेल" हे गृहीत धरू नका, रिपोर्ट दाखवून विचारा. औषध रोज त्याच वेळी आणि जेवणाशी तेवढंच अंतर ठेवून घ्या. ग्रेपफ्रूट औषधाची रक्तातली पातळी चढवतं. गणपतीत येणारं पपनस त्याच कुळातलं, तेही टाळलेलं बरं. संत्री-मोसंबीचं तसं नाही.

आणि काढे. इथे औषधाचं कामच प्रतिकारशक्तीला जरा दाबून ठेवण्याचं असतं. प्रतिकारशक्ती वाढवणारं म्हणून दिलेलं काहीही त्याच दोरीला उलट्या दिशेने ओढतं. गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती. घरातलं कुणी प्रेमाने दिलं तरी आधी डॉक्टरांना विचारा.

प्रतिकारशक्ती दाबलेली, म्हणून अन्न ताजं आणि नीट शिजलेलं हवं. मोडांची उसळ चालेल, कच्चे मोड नकोत. रस्त्यावरची चटणी, बर्फ घातलेला उसाचा रस, कच्चं अंडं, न तापवलेलं दूध नको. तीर्थ-पंचामृत असेल तर हात जोडून डोळ्यांना लावायचं.

दहावा टप्पा : घरची वही, दोन नावांची

घरी आल्यावर एक वही करा. आठवड्यातून एकदा, सकाळी, उपाशीपोटी, त्याच काट्यावर वजन. रोज खाल्लेल्या वाट्या, "थोडंसं" असं न लिहिता "अर्धी वाटी" असं. आधाराशिवाय खुर्चीतून उठता आलं का, तेही. पुढच्या तपासणीला ही वही घेऊन जा. "जेवण बरं आहे" या वाक्यापेक्षा ती डॉक्टरांना खूप जास्त सांगते.

जिवंत दात्याकडून प्रत्यारोपण झालं असेल तर या वहीत दोन नावं हवीत. २३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी किडनीचं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं तेव्हा दोन जुळे भाऊ शेजारशेजारच्या ऑपरेशन खोल्यांत होते. एक आजारी होता, दुसरा ठणठणीत, पण टाके दोघांनाही पडले. ज्याने किडनी दिली तो पुढे २०१० पर्यंत जगला.

आपल्याकडे जिवंतपणी अवयव देणाऱ्यांत बायकांची संख्या बरीच जास्त आहे. आई, बायको, बहीण. म्हणजे ऑपरेशननंतर महिन्याभरात एक चित्र घरोघरी दिसतं : किडनी मिळालेल्याला कुणी जागचं उठू देत नाही, आणि किडनी दिलेली बाई ओट्यापाशी उभी राहून त्याच्यासाठी वरण घोटते आहे. त्याच्या ताटात किती ग्रॅम प्रथिनं गेली हे तिला तोंडपाठ असतं. ती स्वतः सगळ्यांचं झाल्यावर भांड्यात उरलेल्या भातावर ताक ओतून घेते.

जखम तिच्याही पोटावर आहे, आणि ती भरायला तिलाही प्रथिनं लागतात. डॉक्टरांनी दोघांसाठी वेगवेगळे आकडे दिले असतील, तर वही उघडून आधी तिचा आकडा लिहा आणि वरणाची पहिली घट्ट वाटी तिच्यासाठी बाजूला काढा.